तुझ्या वाटीतले कवठाचे सार

अभय, आश्विनातल्या एका रविवारी, रिठदच्या आमच्या घरी, तुझ्यासाठी वेगळ्या शिजवलेल्या कवठाच्या सारात मी मटण उकडलेले पाणी घातले होते. पळीभरच. तुला ते ठाऊक नव्हते. निदान मी तसे धरून चाललो. तू जैन, खाटकाच्या दुकानावरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरणारा. आणि तू ते सार भाकरीशी खाल्लेस, वाटी पुढे करून आणखी मागून घेतलेस. हे मी तुला सांगितले नाही. कुणालाच सांगितले नाही. आज तू नसताना लिहायला बसलो आहे, यातही मला माझाच संशय येतो. ज्याच्याकडून उत्तर येण्याची भीती उरलेली नाही, त्याच्यापुढे कबुली देणे फार सोपे असते.

सोयाबीन मळून घरात आले की माय कवठाचे मटण करायची. तो सण नव्हता. दसरा उलटलेला असायचा, दिवाळीला अवकाश असायचा. दुपारी ऊन चटका द्यायचे आणि संध्याकाळी अंगावर काहीतरी ओढून घ्यावेसे वाटायचे. बांधावरच्या झाडाला तेव्हा अर्धवट पिकलेली कवठे असत, आणि मायला तशीच हवी असत. कच्चे कवठ घशाला आवळते, पूर्ण पिकलेले नुसते गोड लागते, असे तिचे म्हणणे. अंगणातल्या चुलीवर गंज, म्हणजे आमच्याकडचे मोठे पातेले, चढायचा. खाली पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा जाळ. आधी मटण नुसत्या हळद-मिठाच्या पाण्यात शिजायचे, त्यात दुसरे काही नाही. तोवर ती सुके खोबरे निखाऱ्यावर काळे करायची, तीळ आणि खसखस भाजायची, कांदा राखेत खुपसून ठेवायची आणि सगळे पाट्यावर वाटायची. कवठ सर्वांत शेवटी. दगडावर आपटून फोडायचे, तपकिरी गर पाण्यात कोळायचा, बिया हाताने काढून टाकायच्या, गुळाचा खडा घालायचा आणि मांस बोटाने तुटू लागल्यावरच ते गंजात ओतायचे.

"कवठाची घाई केली का मटण अडून बसते, बाबू," ती तुला सांगायची. मला नव्हे, तुला. कारण विचारायचास तू.

खोबरे आणि खसखस तूच आणायचास, रिसोडच्या तुमच्या दुकानातून, मोटारसायकलला पिशवी अडकवून. आपण शाळेत एका बाकावर बसलो होतो; पुढे मी तुझ्याच गावात मास्तर झालो आणि तू वडिलांच्या गादीवर बसलास. मास्तर होऊनही मी बरीच वर्षे रिठदहून जा-ये करीत होतो. त्या एका संध्याकाळी मात्र तू उलट्या दिशेने यायचास, बाजेवर बसायचास आणि मायला प्रश्न विचारून हैराण करायचास.

"खात नाहीस त नाक कायले लावतं गंजाले?" ती म्हणायची.

"माय, वासाले नियम नाही."

"मंग वासाची भाकर करून देऊ का?"

तू हसायचास. मग ती लोट्यात पाणी आणायची, आणि तू पश्चिमेकडे बोट दाखवायचास. "सूर्य बुडाला, माय. आता सकाळीच." लोटा तसाच परत जायचा. माय तो रांजणात ओतायची आणि पुन्हा वाटणाला बसायची. तिच्या चेहऱ्यावर मला कधी काही दिसले नाही. मी मात्र तो लोटा आत जाईपर्यंत त्याच्यावरची नजर काढू शकत नसे.

सूर्यास्तानंतर अन्न-पाणी न घेण्याचा तुझा नियम मला शाळेपासून माहीत होता. पण आणखीही काही माहीत होते. माझे आजोबा तुमच्या जुन्या दुकानात मीठ घ्यायला जात, तेव्हा पायरीखाली उपरणे पसरून उभे राहत आणि तुझे आजोबा वरून मीठ सोडत. काही दाणे धुळीत पडत; आजोबा ते वेचून घेत. हे मला वडिलांनी सांगितले होते, रागाने नव्हे, सहज सांगतात तसे. आम्ही बौद्ध झालो, शिकलो, वडिलांनी शेत घेतले, मी नोकरीला लागलो. पण ते मीठ मला कुठेतरी टोचत राहिले. शाळेत असताना तुझ्या आईने मला एकदा चहा दिला होता. त्यानंतर तो कप मोरीवर बाकीच्या भांड्यांपासून जरा दूर पालथा घातलेला मी पाहिला. तो मुद्दाम तसा ठेवला होता की जागा नव्हती म्हणून, हे आजही सांगता येत नाही. तेव्हा मात्र मला क्षणभरही शंका वाटली नव्हती.

म्हणून तुझा नियम मला नियम वाटेना. तो तुझ्या सोयीचा वाटू लागला. मटण शिजायला दुपार जाते, बोलावणे संध्याकाळचेच होते, आणि तेवढ्यात सूर्य तुझ्या मदतीला येतो, असे मला दिसायला लागले. एकदा मी ते बोललोही.

"तुहा सूर्य माह्याच अंगणात लवकर बुडते काय रे?"

तू बाजेवर सरळ होऊन बसलास. "माह्या बहिणीच्या लग्नात पंगत अंधारात गेली. मी उपाशी झोपलो. सख्ख्या बहिणीच्या. तुह्याच घरचं काय विशेष?"

"तुले सांगाले बरं आहे."

"मंग दिवसा बोलाव. पाहू कोन कोनाले टाळते."

हा आपला वाद पुढे कधी संपला नाही, कारण त्याचा शेवट मी परस्पर, तुझ्या पाठीमागे करून टाकला.

पुढच्या आश्विनात मी तुला दुपारचे बोलावले. माय तीन दिवस त्याच विचारात होती. तिने मांस न शिवलेले नवे पातेले काढले, घरामागे तीन विटांची वेगळी चूल मांडली आणि तुझ्यासाठी कांदा-लसूण न घालता कवठाचे सार केले: कवठाचा कोळ, गूळ, जिरे, मिरची, थोडे तिळाचे कूट. दोन चुलींच्या मध्ये ती हात धुऊन ये-जा करीत होती. "त्याचं मन राह्यलं पाह्यजे," एवढेच म्हणत होती.

तू आलास, आणि पिशवीतून खोबऱ्याबरोबर तुझी स्वतःची पाण्याची बाटली काढून बाजेच्या पायाशी ठेवलीस.

त्या बाटलीने माझे डोके फिरले. तू तिच्याविषयी काही बोलला नाहीस आणि मी विचारले नाही. विचारणे किती सोपे होते, हे आता कळते. तुझ्याकडे गाळलेले, उकळलेले पाणी पिण्याचाही नियम होता. तो तू दुकानातही पाळायचास, हे मला ठाऊक होते. पण त्या क्षणी मला दुकान दिसले नाही, ते पायरीखालचे उपरणे दिसले. माय भाकरीचे पीठ मळायला आत गेली. गंजात मटण हळद-मिठाच्या पाण्यात शिजत होते. मी पळी बुडवली, वरचे पिवळसर पाणी घेतले, घरामागे गेलो, तुझ्या सारात ओतले आणि ढवळले. कवठाच्या उग्र वासाखाली ते नाहीसे झाले. मला वाटत होते की मी तुझी परीक्षा घेतो आहे. तू खाणारच नाहीस, दोन घास चिवडून उठशील, आणि मग माझा संशय खरा ठरेल.

तू जेवलास. भाकरी मोडून सारात भिजवलीस, बोटे चाटलीस. "माय, असं सार आमच्या घरी कोनाच्यानंच होत नाही," म्हणालास आणि वाटी पुढे केलीस. माय इतकी सुखावली की तिने पदराने तोंड पुसले. मी तुझ्या समोर बसून मटण खात होतो आणि मला त्याची चव कळत नव्हती.

नंतर केव्हातरी माझ्या ध्यानात आले की ते सार आमच्याच विहिरीच्या पाण्याचे होते, आमच्याच मायच्या हातचे होते, आणि दहा पावलांवर मांस शिजत असताना तू ते खाल्लेस. तुझ्या घरी हे कळले असते तर तुला किती ऐकून घ्यावे लागले असते, याचा मी विचारही केला नव्हता. तू तुझ्या बाजूने जेवढे ओलांडता येईल तेवढे ओलांडून आला होतास. उरलेली एकच रेघ तुझी स्वतःची होती, आणि नेमकी तीच मी तुला न सांगता पुसून टाकली.

त्यानंतर माझा संशय जायला हवा होता. त्याने फक्त तोंड फिरवले. आता मला वाटू लागले की तुला कळले आहे.

कारण तू विचारायला लागलास. "तुह्या मायनं त्या सारात काय टाकलं होतं रे?" पहिल्यांदा विचारलेस तेव्हा मी विषय बदलला. मायने तुझ्यासाठी पुन्हा सार केले, तेव्हा तूच म्हणालास, त्या दिवसासारखे नाही. माय गोंधळली. "काहून नाही झालं? सगळं तेच त टाकलं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मी अंगणात निघून गेलो. तुझ्या घरी सुनंदावहिनींनी करून पाहिले. तू त्यांना माझ्यादेखत चिडवायचास: "हे सार नाही, हा कवठाचा काढा हाय. सिद्धार्थच्या मायपाशी शिकून ये." वहिनी हसायच्या, पण उचललेली वाटी मोरीत जरा जोरात आपटायच्या. तुझा प्रश्न भोळा आहे की तू मला कोपऱ्यात घेतो आहेस, हे मी तुझ्या चेहऱ्यावर शोधत राहायचो. दुकानात गिऱ्हाईकाशी बोलता बोलता तू माझ्याकडे पाहून हसलास, तरी त्या हसण्याचा अर्थ लावायचो.

आणि याच काळात तू माझ्यासाठी काय केलेस, तेही लिहायला हवे. मला रिसोडात भाड्याने घर हवे होते. घरमालकाने आडनाव विचारले, आणि दुसऱ्या दिवशी खोल्या त्याच्या भाच्यासाठी राखून ठेवलेल्या निघाल्या. तू त्याच्या ओसरीवर जाऊन बसलास. काय बोललास ते मला कधी सांगितले नाहीस, संध्याकाळी किल्ली माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "भाचा नापास झाला." मी हसलो. आभार मानले नाहीत. मनात म्हणालो, याला मोठेपणा मिळवायची संधी मिळाली. अभय, माणूस स्वतःचा अपराध झाकायला समोरच्याचे चांगुलपणही कसे पोखरतो, हे मी स्वतःवरूनच शिकलो.

दरवर्षी पर्युषण संपले की तू हात जोडून दारात यायचास. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावले असेल तर क्षमा कर, म्हणायचास. मीही हात जोडायचो, तेच शब्द परत करायचो आणि करुणाला, माझ्या बायकोला, चहा टाकायला सांगायचो. ते वाक्य मला फार सोयीचे होते. त्यात काहीही बसत असे, आणि म्हणून काहीच सांगावे लागत नसे. तुझ्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मन धुण्यासाठी जपलेला तो रिवाज मी पडद्यासारखा वापरला.

एका वर्षी तू हात जोडून झाल्यावरही उठला नाहीस. कपाकडे पाहत म्हणालास, "सिद्धार्थ, तुह्या मनात काई असन त सांगून टाक. मी काई म्हननार नाही."

मला खात्री पटली की तुला माहीत आहे, सुरुवातीपासून माहीत आहे, आणि तू वाट पाहत होतास.

"काई नाही," मी म्हणालो.

तू मान हलवलीस. मग बाजारात भेसळीची खसखस कशी आली आहे, हे सांगत बसलास. कदाचित तू त्या आपल्या जुन्या सूर्याच्या वादाविषयी विचारत होतास. कदाचित माय नुकतीच गेली होती, म्हणून नुसती चौकशी करीत होतास. मी हा प्रसंग मनात इतका घोळवला आहे की आता तुझा आवाजही मला नीट आठवत नाही. माझ्या भीतीने त्याला जो सूर दिला, तोच ऐकू येतो. ही शिक्षा बरोबरच आहे.

या वर्षी पर्युषणात तू अंथरुणावर होतास. मी भेटायला आलो. खोलीत सगळे होते, आणि मी त्याचा आधार घेतला. तू माझा हात धरलास. त्यानंतर पंधरवडाही गेला नाही आणि तू गेलास. उठावण्याच्या शोकबैठकीत लोक तुझ्या सचोटीविषयी बोलत होते, तुझ्या नियमांविषयी. एकाने म्हटले, "आयुष्यात त्यानं नियम मोडला नाही." मी खाली पाहिले.

रिठदहून सोयाबीन आले. करुणाने विचारले, "यंदा कवठाचं करायचं का? घरात कोनाचं मन नाही." माय गेल्यापासून ते मीच करतो. मी म्हणालो, करू. न करणे म्हणजे पुन्हा टाळणेच झाले असते. मी मटण धुतले, हळद-मीठ लावले, पाणी घालून गॅसवर चढवले. अर्ध्या तासाने मीठ पाहायला पळी बुडवली, आणि वर आलेल्या त्या पिवळसर पाण्याकडे पाहत उभा राहिलो. तेलाचे बारीक ठिपके त्यावर फिरत होते. मला ती पळी तोंडापर्यंत नेता आली नाही. मी गॅस बंद केला.

"कुठं चालले?" करुणाने विचारले.

"अभयच्या घरी."

"अहो, मटण अर्धं कच्चं आहे."

"राहू दे."

वहिनी पुढच्या खोलीत एकट्याच बसल्या होत्या. भिंतीपाशी स्टुलावर तुझा फोटो होता. मी काय बोलायचे ते वाटेत नीट जुळवले होते, पण त्याच आधी बोलल्या.

"भाऊजी, शेवटी शेवटी त्याहिले तेच सार पाह्यजे होतं. मी केलं. दोन चमचे घेतले आन म्हणे, चांगलं झालं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चांगलं म्हणाले. तवाच मले समजलं का आता हे जातात. माह्या मनासाठी खोटं बोलून राह्यले होते."

मी समोरच्या खुर्चीवर बसलो.

"तुमची माय गेली. हेही गेले. आता तरी सांगा, काय टाकलं होतं त्यात? मले आता ते कराचं नाही. माह्या हातात काय कमी होतं, तेवढं कळलं पाह्यजे."

आजवर मी स्वतःला समजावत आलो होतो की माझा अपराध फक्त तुझा आणि माझा आहे. या बाईने आपल्या हातावर इतकी वर्षे संशय घेतला, तो माझ्यामुळे, हे माझ्या हिशेबात कधी आलेच नव्हते. खोटे एखादे नाव सांगून मला सुटता आले असते. दगडफूल म्हटले असते तरी त्यांनी मान्य केले असते.

"वहिनी, तुमच्या हातात काहीच कमी नव्हते," मी म्हणालो. "मायनेही काही टाकले नव्हते. मी टाकले. मटण उकडलेले पाणी."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग फोटोकडे. बाहेरून कुणी हाक मारली, ती त्यांनी ऐकली नाही.

"त्याहिले माहीत होतं?"

"मला कळत नाही. कधी वाटते, होते. कधी वाटते, नव्हते."

"काहून केलं?"

"तो आमच्या घरचे पाणी पीत नाही, असे मला वाटायचे. त्याच्या मनात भेद आहे, असे वाटायचे."

"आन होता?"

"नव्हता, वहिनी."

त्या उठल्या. मला वाटले, आता जा म्हणतील, आणि तसे म्हणाल्या असत्या तर ते योग्यच होते. त्या आतल्या दारापर्यंत गेल्या, चौकटीला हात लावून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"मले काय सांगता? त्याहिले सांगा," त्या म्हणाल्या. मी फोटोसमोर गेलो आणि काहीतरी पुटपुटलो. "असं नाही," त्या न वळता म्हणाल्या. "मोठ्यानं सांगा. मले ऐकू आलं पाह्यजे."

माझा आवाज जन्माचा बारीक. शेवटच्या बाकापर्यंत तो पोचत नाही, अशी वर्गातल्या मुलांचीही तक्रार असते. मी श्वास घेतला आणि तुझ्याशी आयुष्यभर ज्या बोलीत बोललो, तिच्यातच, बाहेरच्या रस्त्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो:

"अभय, तू माह्या घरी विश्वासानं जेवला आन मी तुह्या वाटीत मटणाचं पाणी टाकलं. तू कसा हायेस हे मले माहीत होतं, तरी मी तुह्यावर संशय घेतला. मंग भेलो, आन भेऊन गप राह्यलो. वहिनीले त्याचा तरास झाला, तोही माह्यानंच. मी चुकलो रे. मले माफ कर."